चिठ्ठी घेण्याआधी

थांबा डॉक्टर, नाव नका सांगू.
सेरोटोनिन. आमची जुनी ओळख आहे.
बावीस वर्षं तिहान्यच्या प्रयोगशाळेत
मी शिंपले उघडले.
खुर्ची तुमची नवी आहे, दातखीळ माझी जुनी.
रात्री दात दातांवर बसतात
ते सकाळी ऊन पाण्याच्या फडक्यानं सोडवावे लागतात.

गाश्पार पहाटे बादली आणून ठेवायचा.
तेव्हा तो नुसता नावाडी होता, नवरा नव्हता.
बालातोनचा गाळ, बोरूची मुळं
आणि मधे तळहाताएवढे काळपट हिरवे शिंपले,
तोंड मिटून.
फटीत सुरी घातली की आणखी घट्ट.
त्यांना डोकं नसतं, डॉक्टर.
मज्जेच्या तीन जोड्या गाठी असतात,
एक तोंडापाशी, एक पायात, एक मागच्या स्नायूखाली,
मधे दोरे, चष्म्याशिवाय न दिसणारे.

त्या गाठी मी गोठवायची, वाळवायची,
फॉर्मालिनच्या वाफेत तासभर कोंडायची,
मेणात बसवून कापायची
कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ.
मग दिवा मालवून
जांभळ्या उजेडाखाली डोळा लावायचा.
काळोखात एकेक पेशी पिवळी पेटायची,
नोव्हेंबरात समोर सांतोदच्या धक्क्यावर
शेवटच्या फेरीची वाट बघणारे कंदील असायचे, तशी.
हिरवट दिसायचं ते डोपामिन, त्याची वही वेगळी.
पिवळ्या मोजायच्या, टिंबं काढायची,
आणि लवकर,
कारण बघत राहिलं की त्या विझायच्या.
ज्या उजेडात दिसतात त्याच उजेडात जातात.
कितीदा वाटलं, मीच पुसते आहे नजरेनं.

त्या पिवळ्याचं काम काय
ते शेजारच्या खोलीत कळलं.
स्नायूचा तुकडा खाऱ्या पाण्यात टांगलेला,
काजळी धरलेला ढोल फिरतोय,
सुई वर अडकलेली, उतरायचं नाव नाही.
शिंपल्याचं खरं कसब हे:
एकदा मिटला की मिटून राहायला
त्याला जवळजवळ काही खर्च येत नाही.
आपल्या मुठीला कळ लागते. त्याला नाही.
म्हणतात ना, झाकली मूठ सव्वा लाखाची,
त्याची फुकटातली.
सोडायला मात्र आतून कुणीतरी सांगावं लागतं.
मग तो थेंब पडला,
हौदात चिमूटभर मीठ टाकावं इतका विरळ,
आणि सुई उतरू लागली
काजळीत पांढरी वाट पाडत,
बिनघाईची,
दुधाचं भांडं घेऊन बाई तळघराच्या पायऱ्या उतरते तशी.

आनंदाचं रसायन वगैरे मी पेपरात वाचलं ते पुष्कळ नंतर.
शिंपला आनंदी झाला नव्हता, डॉक्टर.
तो सैल झाला होता, एवढंच.

गाश्पार गेला त्या फेब्रुवारीत बर्फ पातळ होतं.
त्याला ते माहीत होतं, माहीत असून गेला,
जाळं काढायला, की कशाला,
मी विचारलं नाही, तोही सांगायला आला नाही.
मी रडले नाही.
गावात म्हणाले, एतेल्का खंबीर आहे.
खंबीर कसली.
मला खर्च येत नव्हता.

अकरा वर्षं.

द्या ती चिठ्ठी. सकाळी घ्यायची की झोपताना?
आणि एक विचारते, तुमच्या पुस्तकात असेल तर सांगा.
उघडलं की पाणी आत येतं, पाण्याबरोबर गाळ.
शिंपल्याला गाळ गाळता येतो,
त्यावरच तो जगतो.
माझ्याकडे ते गाळणं आहे का, हे कोण तपासतं?

हसताय तुम्ही. हसा.
त्याची बादली अजून आहे घरी,
कडी तुटलेली.
मी तिच्यात कांदे ठेवते.